मंडालेची कोठडी आणि आपली रिकामी घरं



आमच्या बुलढाणा जिल्ह्यात टिळकांची गोष्ट पुण्यापासून सुरू होत नाही, ती शेगावपासून सुरू होते. दासगणूंच्या 'गजानन विजय' पोथीचा पंधरावा अध्याय इथल्या घराघरांत पाठ असतो. १९०८ साली अकोल्याला शिवजयंतीचा उत्सव झाला. टिळक आले, खापर्डे होते, आणि शेगावहून गजानन महाराजही आले. पुढे टिळकांना अटक झाली तेव्हा स्नेही मंडळी शेगावला धावली. महाराजांनी प्रसाद म्हणून भाकरी दिली आणि सुचवलं की हा दूर जाणार खरा, पण तिथे याच्या हातून मोठं काम होणार. पोथी सांगते की ते काम म्हणजे 'गीतारहस्य'. महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० ला समाधी घेतली आणि त्याच वर्षीच्या कार्तिकात टिळकांनी मंडालेला गीतारहस्य लिहायला घेतलं. हा योगायोग आमच्याकडच्या कीर्तनकारांच्या नजरेतून बरा सुटेल!

मी इतिहासाचा मास्तर. पोथी पोथीच्या जागी आणि दप्तर दप्तराच्या जागी ठेवायची मला सवय आहे. पण गेली चार वर्षं, म्हणजे ही गेल्यापासून, या गोष्टीकडे मी निराळ्याच बाजूनं पाहू लागलो आहे. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. मेहकरच्या या घरात मी एकटा. सकाळचा दूधवाला आणि संध्याकाळचा फोन, यांच्यामध्ये कधी कधी अख्ख्या दिवसात तोंडातून शब्द निघत नाही. अशा माणसाला टिळकांच्या राजकारणापेक्षा वेगळा प्रश्न पडतो. बावन्नाव्या वर्षी, मधुमेह असलेल्या माणसाला सहा वर्षं परक्या मुलखात एकटं ठेवलं, आणि तो माणूस बाहेर आला तेव्हा त्याचं डोकं आत जाताना होतं त्याहून तल्लख होतं. हे कसं झालं?

म्हटलं, जरा नीट बघू या.

आधी तारखा. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावर यांनी २२ जुलै १९०८ ला सहा वर्षं काळ्या पाण्याची आणि हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांना बावन्न वर्षं पुरी झाली. आधी साबरमतीला नेलं, मग सप्टेंबरात ब्रह्मदेशात मंडालेला. सक्तमजुरी काढून साधी कैद केली, पण जागा बदलली नाही. परतले ते जून १९१४ मध्ये. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. आमच्या वेळी मास्तर लोक याच वयात रिटायर व्हायचे. :-)

मंडालेचा तुरुंग किल्ल्याच्या आत. टिळकांची खोली लाकडी गजांची, पिंजऱ्यासारखी. उन्हाळ्यात आग, धुळीची वादळं, थंडीत वारा थेट आत. वर्तमानपत्र नाही. घरचं पत्र महिन्याला एक, तेही तपासून. मराठी बोलायला एकच माणूस, स्वयंपाकासाठी दिलेला सातारा जिल्ह्यातला कैदी कुलकर्णी. पुढे सदाशिव विनायक बापट यांनी टिळकांच्या आठवणींचे तीन खंड जमवले, त्यात या कुलकर्ण्यांच्याही आठवणी आल्या. त्यातली चिमण्यांची आठवण प्रसिद्ध आहे. टिळक दाणे टाकत आणि चिमण्या येऊन त्यांच्या अंगाखांद्यावर बसत. लहानपणी ही गोष्ट वाचताना मला गंमत वाटायची. आता वाटतं, ज्याच्याशी बोलायला दुसरं कुणी नाही तोच माणूस चिमण्यांशी इतका धीर धरून वागतो.

आता कामाचं बघू. टिळकांनी तिथे काय केलं? पहिली गोष्ट, पुस्तकं मागवली. सुरुवातीला एका वेळी मोजकीच पुस्तकं जवळ ठेवायची परवानगी होती. त्यांनी अर्ज करून ती बंधनं सैल करून घेतली, आणि शेवटी शेवटी खोलीत साडेतीनशे-चारशे पुस्तकांचा संग्रह झाला. दुसरी गोष्ट, नव्या भाषा. जर्मन, फ्रेंच आणि पाली, वाचता येण्याइतक्या, स्वतःच्या बळावर शिकले. बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी! तिसरी गोष्ट, लेखन. सुटे कागद मिळत नसत. पानं मोजून, आकडे घालून बांधलेल्या वह्या मिळत. शाई नाही, फक्त पेन्सिल. अशा वह्यांत १९१०-११ च्या हिवाळ्यात, कार्तिक ते फाल्गुन, पाच महिन्यांत गीतारहस्याचा खर्डा पुरा झाला. पंधरा प्रकरणं, वर परिशिष्ट, वर गीतेचं भाषांतर. त्यात शंकराचार्यांपासून कांट, मिल, स्पेन्सर, ग्रीनपर्यंत सगळ्यांशी वाद घातलेला. ज्याला बोलायला माणूस नव्हता त्यानं दोन हजार वर्षांतली माणसं खोलीत बोलावून त्यांच्याशी भांडण काढलं, असं मी माझ्या वर्गात सांगत असे. पोरं हसायची. पण मला वाटतं, यातच सगळं आलं.

हे काही अचानक सुचलेलं नव्हतं. १८९७-९८ च्या पहिल्या शिक्षेतही त्यांनी हेच केलं होतं. त्या वेळी मॅक्समुल्लर यांनी ऋग्वेदाची प्रत पाठवली होती. आर्यांचं मूळ स्थान उत्तर ध्रुवाकडे असावं हा विचार तिथे पक्का झाला आणि १९०३ मध्ये ग्रंथ आला. तो सिद्धांत आज कुणी मानत नाही, ते सोडा. मुद्दा असा की या माणसाला एकांतात काम हातात घ्यायची सवय आधीपासून होती. सवय तुरुंगात लागत नाही, आपण ती सोबत घेऊन जातो.

सुटल्यावर वह्या लगेच परत मिळाल्या नाहीत. सरकार त्या देईल की नाही अशी शंका मंडळींना आली. तेव्हा टिळकांनी सांगितलं की वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, पुन्हा लिहीन. वह्या मिळाल्या, १९१५ च्या जूनमध्ये ग्रंथ छापून बाहेर पडला, ते सगळं ठीकच. पण अठ्ठावन्न वर्षांचा, मधुमेही, सहा वर्षं माणसांपासून तुटलेला गृहस्थ पंधरा प्रकरणं डोक्यात घेऊन बाहेर येतो आणि लगोलग होमरूल, लखनौ करार, विलायतवारी असल्या उलाढालीत पडतो, ही गोष्ट नुसत्या देशभक्तीच्या खात्यावर टाकून पुढे जाता येत नाही.

इथे इतिहासानं एक विलक्षण जोडी जुळवून ठेवली आहे. मंडालेचा तो किल्ला कुणाचा? थिबा राजाचा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याचं राज्य घेतलं, त्याला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये आणून ठेवलं कुठे? रत्नागिरीला! म्हणजे टिळकांच्या जन्मगावी. रत्नागिरीचा मुलगा थिबाच्या किल्ल्यात कैदी आणि मंडालेचा राजा टिळकांच्या गावात कैदी. दोघेही एकाच सरकारचे.

थिबाला अंधारकोठडी नव्हती. राणी होती, मुली होत्या, नोकरचाकर होते, पेन्शन होती. १९१० च्या सुमारास समुद्राकडे तोंड केलेला राजवाडासुद्धा बांधून दिला. तरुणपणी हा राजा मठात राहून धर्मग्रंथ शिकला होता, त्या परीक्षा पास झाला होता. जी पाली टिळक त्याच्या गावात पेन्सिलीनं गिरवत होते, ती याला आधीपासून येत होती. पण तीस वर्षांच्या त्या मुक्कामातून मागे काय उरलं? पैशासाठी सरकारला लिहिलेले अर्ज, विकलेले हिरे-माणकं आणि कर्ज. १९१६ च्या डिसेंबरात तो रत्नागिरीतच वारला, वय साठीच्या आतच. त्याची समाधी तिथेच आहे.

मी थिबाला दोष देत नाही. टिळकांना सहा वर्षांनी सुटायचं होतं, त्यांची वाट बघणारा देश होता. राजाची शिक्षा संपणारीच नव्हती आणि ज्या कामासाठी त्याला घडवलं ते कामच काढून घेतलं होतं. रिकामेपणाचाही तुरुंग असतो आणि त्याला समुद्राचा देखावा असला तरी तो तुरुंगच. आज मुलांनी बांधून दिलेल्या चार खोल्यांच्या बंगल्यात टीव्हीसमोर बसलेले म्हातारे पाहिले की मला थिबा राजा आठवतो. भाकरीची ददात नाही, पण काम नाही.

आता तिसरं ठिकाण. अंदमान.

टिळक मंडालेत जर्मन शिकत होते त्याच वर्षांत सेल्युलर जेलमध्ये बंगालची आणि महाराष्ट्राची तरुण पोरं कोलू ओढत होती. बैलाच्या जागी माणूस, आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढायची सक्ती. सहाशे अठ्ठ्याण्णव कोठड्या अशा बांधलेल्या की एकाचं तोंड दुसऱ्याला दिसू नये. बोलायची बंदी. काम होतं, मरणाचं होतं, पण त्यात डोक्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. १९१२ मध्ये इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत जीव दिला. त्याच वर्षी उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल गेला. अलीपूर खटल्यातला हा हसतमुख, गाणारा तरुण. त्यांना पुढे मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. ते कमकुवत होते म्हणून असं झालं, असं कुणी म्हणू नये. अंगात ताप असताना छळ झाला तर कोण तगेल? आणि हेही लिहिलं पाहिजे की ते त्यातून वर आले, १९२० मध्ये सुटले आणि आपल्या तुरुंगवासाची हकिकत त्यांनी स्वतःच लिहिली.

सावरकर त्याच जेलमध्ये ४ जुलै १९११ ला पोचले. पन्नास वर्षांची शिक्षा. कागद नाही, पेन्सिल नाही. त्यांनी भिंतीवर कोरून कविता रचल्या, पाठ केल्या. भिंतीला चुना लागला की भिंत कोरी व्हायची, पण ओळी डोक्यात राहायच्या. 'कमला' हे काव्य असंच झालं. त्यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काही मत असो, तो विषय आज नाही. कागद काढून घेतला तरी माणूस डोक्यालाच वही करू शकतो, एवढंच मला इथे टिपायचं आहे. आपल्या घरात वेद, ओव्या, अभंग असेच तर टिकले.

आता आजकालचं विज्ञान काय म्हणतं ते थोडक्यात सांगतो. मी डॉक्टर नाही, वाचलेलं सांगतो आहे.

अमेरिकेत डेव्हिड स्नोडन नावाच्या संशोधकानं १९८६ पासून ६७८ जोगिणींचा, म्हणजे ख्रिस्ती मठातल्या सिस्टर्सचा, अभ्यास केला. बहुतेक जणी आमच्यासारख्या मास्तरीण. मरणानंतर मेंदू तपासायची त्यांनी परवानगी दिली होती. त्यात एक सिस्टर मेरी. वयाच्या १०१ व्या वर्षी वारल्या, शेवटपर्यंत स्मरणाच्या चाचण्यांत चांगल्या. मेंदू उघडून पाहिला तर अल्झायमरच्या खुणांनी भरलेला! म्हणजे रोग होता, पण माणूस चालत होता. याला शास्त्रज्ञ मेंदूची राखीव शिल्लक म्हणतात. शिक्षण, वाचन, डोकं लागेल असं काम, यांनी ही शिल्लक वाढते असा त्यांचा अंदाज. आमच्या वऱ्हाडी भाषेत, विहिरीला झरे जास्त असले की एखादा आटला तरी पाणी लागतं.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं नेमलेल्या मंडळानं २०२० मध्ये स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, पण बदलता येण्यासारखी बारा कारणं दिली. २०२४ मध्ये ती चौदा झाली. ही सगळी कारणं हटवता आली तर जगातले निम्म्याच्या जवळपास, म्हणजे सुमारे ४५ टक्के, स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा त्यांचा हिशेब. त्यात कमी शिक्षण आहे, बहिरेपण आहे, मधुमेह आणि रक्तदाब आहे, आणि एकटेपणही आहे. आपल्या देशाची पाहणी २०२३ मध्ये छापून आली. साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना हा विकार आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. शहरापेक्षा खेड्यात जास्त.

हा शेवटचा आकडा मी दोनदा वाचला. आपण समजतो की खेड्यात माणसं माणसांत असतात, एकटेपण हे शहरातलं दुखणं. मग खेड्यात जास्त का? शिक्षण कमी हे मोठं कारण. आणि खेड्यातली माणसं आता माणसांत असतात तरी का? आमच्या पैनगंगेच्या काठच्या गावांत फिरून पाहा. वाड्याला कुलूप, नाहीतर एक म्हातारी आणि एक कुत्रं.

पण थांबा. इथे मास्तरकी करायला हवी. 'डोक्याचं काम केलं की डोकं शाबूत राहतं' हे वाक्य सोपं आहे, म्हणून त्याच्यावर जरा संशय घ्या. ज्याचं डोकं मुळात दणकट तोच असं काम करतो, असं नसेल कशावरून? आणि ज्याची आठवण मंदावू लागली तो चारचौघांत जायला लाजतो, घरात बसतो. मग एकटेपणामुळे आठवण गेली की आठवण गेली म्हणून एकटेपण आलं? शास्त्रज्ञही या गाठीशी झगडत आहेत. सिस्टर मेरीचं घ्या. ती एकटी नव्हती. मठात कित्येक वर्षं बायकांच्या मेळ्यात राहिली, म्हातारपणीही शिकवत राहिली. तिला काम आणि माणसं दोन्ही होती.

टिळकांचंही तसंच तपासून पाहायला हवं. त्यांना पुस्तकं मिळाली, स्वयंपाकी मिळाला, वरच्या दर्जाची कैद मिळाली. बाहेर पुस्तकं धाडणारे भाचे धोंडोपंत विद्वांस होते, विलायतेत त्यांच्यासाठी खटपट करणारे आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. साध्या कैद्याला यातलं काहीच नसे. म्हणून मंडाले हा मनोनिग्रहाचा धडा म्हणून नुसता फळ्यावर लिहू नये. पुस्तक पोचवणारं कुणीतरी बाहेर असावं लागतं, हाही त्यातलाच धडा आहे.

आणि कामानं सगळं भरून निघालं असंही नाही. १९१२ च्या जूनमध्ये पुण्याला सत्यभामाबाई वारल्या. टिळकांना तार मिळाली. त्यांनी भाच्याला लिहिलेल्या पत्रात, हा आघात आपल्याला हलवून गेला, असं सरळ कबूल केलं आणि मुलांच्या शिक्षणाची विचारपूस केली. गीतारहस्य लिहून झालं होतं, फळाची आशा न धरता कर्म करावं हे सांगून झालं होतं. तरी माणूस हललाच. मला त्यांचा हा कबुलीजबाब त्यांच्या ग्रंथाइतकाच मोठा वाटतो.

सत्यभामाबाईंकडे मात्र आपण इतिहासवाले वळून पाहत नाही. सहा वर्षांच्या शिक्षेतली चार वर्षं ती बाईसुद्धा भोगत होती, गायकवाड वाड्यात. तिलाही मधुमेह. तिला कुणी चारशे पुस्तकं धाडली नाहीत. तिच्या एकांताची वही नाही, पेन्सिल नाही. नवऱ्याच्या एकांतातून ग्रंथ निघाला, तिच्या एकांतातून एक तार निघाली. आकडे सांगतात की हा विकार बायकांत जास्त, खेड्यात जास्त, न शिकलेल्यांत जास्त. तेव्हा हा प्रश्न टिळकांसारख्यांचा कमी आणि सत्यभामाबाईंसारख्यांचा जास्त आहे.

मग ज्यांनी आयुष्यात पुस्तक धरलं नाही त्यांनी काय करायचं? माझ्या शेजारी एक आजी आहेत, ऐंशी पार केलेल्या, एकट्या. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकल्या त्या पोथी वाचता यावी म्हणून. आता गजानन विजयचे एकवीस अध्याय त्यांना बरेचसे पाठ आहेत. गल्लीतल्या बायकांची भिशी त्याच सांभाळतात. कुणाचे किती आले, कुणाचा नंबर लागला, कुणाचं दोन महिन्यांचं राहिलं, सगळं तोंडी. मी एकदा म्हटलं, आजी, वहीत लिहून ठेवत जा. तर म्हणाल्या, "काहून गुर्जी? माह्या डोक्यात सारं हाय. कागद कशाले पायजे?"

मला एकदम गीतारहस्याच्या वह्या आठवल्या.

डोक्याला लागणारं काम म्हणजे ग्रंथच लिहायला हवा असं नाही. भिशीचा हिशोब हेही डोक्याचं काम, आणि त्यात माणसं येतात हे वर. रोज तेच शब्दकोडं सोडवण्यापेक्षा ते अवघड आहे, कारण चुकलं तर दहा बायका भांडायला येतात! जिथे चुकलेलं कुणाच्या तरी लक्षात येतं तेच काम खरं, असं माझं आपलं मत झालं आहे. टिळकांनाही खात्री होती की आपलं लिहिलेलं उद्या कुणी तरी वाचणार, खोडणार, वाद घालणार. थिबा राजाचं काही चुकलं असतं तरी कुणाला फरक पडणार होता?

या सगळ्याचं उत्तम उदाहरण मला धुळ्याच्या तुरुंगात सापडतं. १९३२ साल. विनोबा तिथे कैदी होते. २१ फेब्रुवारीपासून दर रविवारी एक, अशी अठरा रविवार त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली. ऐकायला सगळे कैदी. आणि समोर बसून ती भराभर उतरून घेणारा कोण? साने गुरुजी. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात याच गुरुजींनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहिली. मंडालेत गीता एकट्यानं पेन्सिलीनं लिहिली गेली, धुळ्यात ती एकानं बोलली, दुसऱ्यानं उतरवली आणि बाकीच्यांनी ऐकली. ग्रंथ म्हणून कोणता मोठा हा वाद विद्वानांनी करावा. मला निवडायला सांगितलं तर राहण्यासाठी मी धुळ्याचा तुरुंग निवडीन. :-)

माझं म्हणाल, तर बहात्तराव्या वर्षी मी मोडी शिकायला घेतली. इथल्या जुन्या घरांत मोडीतले शेतीचे, देण्याघेण्याचे कागद ट्रंकांतून पडून आहेत, वाचणारे उरले नाहीत. सुरुवातीला एका पानाला आठवडा लागे. आता दोन दिवसांत होतं. लोक कागद घेऊन येतात, ओट्यावर बसतात, आणि त्यांच्या पणज्यानं कुणाकडून किती पायली ज्वारी उसनी घेतली ते मी वाचून दाखवतो. कधी एखादं अक्षर अडतं, मग तेच म्हणतात, "गुर्जी, ते आमच्या वावराचं नाव असंल." आणि ते बरोबर निघतं. हा माझा मेंदूचा व्यायाम किती उपयोगी पडेल ते देव जाणे. उद्या माझीही आठवण जाऊ शकते. आमच्याच पिढीतले एक फार हुशार गणिताचे शिक्षक शेवटी घरचा रस्ता विसरले आणि त्यांनी आयुष्यभर डोक्याशिवाय दुसरं काही वापरलं नव्हतं. तेव्हा हमी कुणालाच नाही. पण मोडीमुळे आठवड्यातून चार माणसं तरी माझ्या ओट्यावर येतात, ही हमी आहे.

तेव्हा पुण्या-मुंबईच्या आणि साता समुद्रापलीकडच्या आमच्या पुतण्या-भाच्यांनो, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहितो. गावाकडच्या म्हाताऱ्यांना फोन करता तेव्हा "जेवलात का, गोळी घेतली का" एवढंच विचारून ठेवू नका. त्यांना काम सांगा. आजोळच्या शेताचे गट नंबर विचारा. सात पिढ्यांची नावं लिहून मागा. आजीला तिळाच्या वड्यांचं प्रमाण विचारा आणि नीट उतरलं नाही म्हणून पुन्हा विचारा. त्यांचं चुकलं तर वाद घाला, ऐकून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसाशी वाद घालणं हा त्याचा अपमान नसतो, उलट त्याला अजून माणसांत धरल्याची ती खूण असते. ऐकायला कमी येत असेल तर कानाचं यंत्र आणून द्या. तो खर्च बंगल्याच्या रंगापेक्षा कमी आहे आणि लॅन्सेटच्या यादीत बहिरेपणही आहेच. आणि या कामात आज्यांना आधी धरा, आजोबांना मागून. आम्हा आजोबांना निदान चावडी तरी असते.

टिळकांना महिन्याला एक पत्र मिळत असे आणि त्यांची पत्रं निघत त्यात पुस्तकांच्या याद्या असत. हे पाठवा, ते पाठवा, अमुक आवृत्ती पाठवा. पलीकडे कुणी तरी त्या याद्या घेऊन पुण्यात दुकानं पालथी घालत असे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांनी शेवटची यादी कधी पाठवली होती, ते एकदा आठवून पाहा. नसेल पाठवली तर मागून घ्या.

असो. फार लांबलं. मास्तरला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. कुणाच्या घरी मोडीतले कागद असतील तर जरूर कळवा.